बोलण्याची पाळी पिणाऱ्याची

भारतातील ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे सगळे जिला नुसते ‘एए’ म्हणतात ती संघटना, आपला जन्मदिवस ५ मे १९५७ मानते. गाव मुंबई. पहिल्या सदस्याचे नाव हॅरी एम. आडनावाच्या जागी एकच अक्षर, कारण संघटनेचा तसा नेमच आहे. या तारखेतली गंमत अशी, की त्या दिवशी मुंबई राज्यात कायद्याप्रमाणे दारू पिणारे जवळपास कोणी नव्हतेच. ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू होती. दुकाने बंद, गुत्ते बंद, आणि परवानावाल्या मोजक्यांखेरीज ग्लास उचलणारा प्रत्येक जण गुन्हेगार. अशा राज्याच्या राजधानीत दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा सुरू व्हावी, यातच तिच्या गरजेचे सगळे उत्तर आहे.

आज त्या सभेची शाखा वसई, नालासोपारा, विरारपर्यंत पसरली आहे. कुठे चर्चच्या आवारातल्या खोलीत, कुठे सुट्टी झालेल्या शाळेच्या वर्गात संध्याकाळी दहा-वीस माणसे बसतात. फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. एकेक जण उठतो, नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत असे म्हणतो आणि स्वतःची हकिकत सांगतो. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तास-दीड तासाने चहा होतो आणि माणसे पांगतात.

बघायला गेले तर यात काहीच नाही. पण दारूच्या आपल्याकडच्या इतिहासात ही फार उशिरा आलेली गोष्ट आहे. दारूविरुद्ध महाराष्ट्रात संत बोलले, सुधारक बोलले, नाटककार बोलले, मंत्री बोलले. घरोघरी बायका बोलल्या, त्यांचे तर कोणी टिपूनही ठेवले नाही. यातले बहुतेक सगळे न पिणारे. पिणारा ऐकत बसायचा, किंवा ऐकून घेतल्याचे दाखवायचा. त्याच्याकडे बोलण्याची पाळी कशी आली, हा या सभेचा खरा मागोवा आहे.

ताड, कर आणि गुत्ता

वसईपुरते बोलायचे तर सुरुवात ताडाच्या झाडापासून करावी लागते. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या पट्ट्यात ताड, माड आणि शिंदीची झाडे होती. त्यांचा रस काढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा. पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढले की तोच आंबून ताडी-माडी होतो. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली तेव्हा हे सगळे इथे होतेच. त्यांचा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात नारळाच्या झाडापासून निघणाऱ्या सुरेची आणि ती गाळून केलेल्या मद्याची माहिती दिली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, राज्य बदलले. झाडावर चढणारा माणूस तोच राहिला.

या काळात पिणे होते, पिऊन पडणेही असणारच. पण दारू बहुतेककरून गावातल्याच झाडाची, गावातल्याच माणसाने काढलेली होती. खरा बदल झाला तो इंग्रजी आबकारीने. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारच्या मुठीत आणला. रस काढायच्या झाडांवरचा कर वाढला. घरची, झाडाची ताडी महाग पडू लागली आणि उरणच्या भट्ट्यांत मोठ्या प्रमाणावर गाळलेली मोहाची दारू ठेक्याच्या दुकानांतून सगळीकडे पोचली. १८९२ च्या मोहा कायद्याने तर ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींना आपल्याच रानातली मोहाची फुले साठवणेही अवघड करून ठेवले. तेव्हा आजच्या पालघर जिल्ह्याचा बहुतेक भाग ठाण्यातच होता.

सौम्य, आंबवलेल्या ताडीच्या जागी गाळलेली कडक दारू आली, आणि शेजाऱ्याच्या जागी उधारी लिहून ठेवणारा दुकानदार आला. सरकारच्या हिशेबात पिणारा हा महसूल झाला. त्याच्याशी बोलण्याची कोणाला गरज उरली नाही. त्याच्याकडून पैसे आले म्हणजे झाले.

माळ, पत्र आणि नाटक

दारू सोडवण्याचा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ मार्ग म्हणजे माळ. वारकरी होऊन गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य-मांस सुटले. या मार्गात पुढच्या सभेच्या बऱ्याच गोष्टी आधीच आहेत. माणूस एकटा सोडत नाही, फडाबरोबर सोडतो. एकादशी, भजन, वारी असे ठरलेले दिवस त्याला बांधून ठेवतात. जुना माळकरी नव्याला सांभाळून घेतो. गाडगेबाबांच्या कीर्तनांनी हा विचार माळ न घालणाऱ्यांपर्यंतही नेला; समोरच्या श्रोत्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढण्याची त्यांची पद्धत तर व्याख्यानापेक्षा संवादाच्या जवळची होती.

पण माळेची एक अडचण आहे. ती जन्मभराची आहे. माळ घातलेला माणूस पुन्हा प्यायला, तर त्याने व्यसनाबरोबर व्रतही मोडलेले असते. तो लाजतो, फडाला तोंड दाखवत नाही, आणि ज्या वेळी माणसांची सर्वांत जास्त गरज असते नेमका त्याच वेळी एकटा पडतो.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी दारूकडे सार्वजनिक प्रश्न म्हणून पाहिले. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८ जुलै १८८० रोजी त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे कार्याध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात गुत्त्यांसमोर निदर्शने केली. दोघांचे लक्ष्य दुकान होते आणि दुकानामागचे सरकार. ते योग्यच होते. पण दुकानातून बाहेर पडून घरी निघालेल्या माणसाचे काय, हा प्रश्न त्यात येत नव्हता.

तो प्रश्न रंगभूमीने घेतला. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर महिनाभरात, रंगमंचावर आले. हुशार वकील सुधाकर, त्याची पत्नी सिंधू, आणि त्याला बाटलीची ओळख करून देणारा तळीराम हे तिघे मराठी माणसाच्या बोलण्यात कायमचे जाऊन बसले. ज्याला आज आपण सहज ‘तळीराम’ म्हणतो ती गडकऱ्यांची देणगी. पण मागोवा घेणाऱ्याने थांबून बघावे असे त्यात दुसरेच काही आहे: ‘आर्यमदिरामंडळ’. पिणाऱ्यांनी एकत्र यावे, आपापले बोलावे, नियमही करावेत, हे सगळे गडकऱ्यांनी रंगवले, पण विनोदासाठी. मंडळ होते पिण्याचे. पिणाऱ्यांचेच मंडळ दारू सोडण्यासाठी भरू शकेल, ही कल्पना त्या काळच्या मराठी प्रेक्षकाला मंडळापेक्षाही विनोदी वाटली असती. सुधाकर सोडण्याची प्रतिज्ञा करतो तीही एकटाच, आणि ती मोडते तेव्हाही एकटाच असतो. त्याच्या भोवती त्याच्यावर जीव टाकणारी माणसे आहेत, उपदेश करणारी आहेत, पाजणारी आहेत. प्यायलेला आणि आता न पिणारा असा एकही माणूस त्या नाटकात त्याला भेटत नाही.

पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली देवी

पिणाऱ्यांनी स्वतः उठून दारू नाकारल्याचे मोठे उदाहरण मात्र त्याच सुमारास इथेच घडले. १९२२ च्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांमध्ये देवीच्या साथीनंतर देवीला शांत करण्याचे विधी सुरू झाले. अंगात आलेली माणसे देवीच्या नावाने बोलू लागली. ही लाट किनारा सोडून रानात शिरली, डहाणू-उंबरगावच्या बाजूने दक्षिण गुजरातेत पसरली. वर्ष सरता सरता सुरत जिल्ह्यात हजारो आदिवासी मांडवात जमू लागले. देवीच्या आज्ञा साध्या होत्या: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. पुढे त्यात एक धारदार आज्ञा आली. दारूचा ठेका चालवणाऱ्या आणि जमिनी बळकावणाऱ्या दुकानदारांकडे कामाला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर १९८७ मध्ये आख्खे पुस्तक लिहिले, म्हणून तिचे तपशील आज आपल्या हाती आहेत.

आज्ञा देवीची होती, पण आवाज वस्तीतल्याच माणसाचा. काल शेजारी बसून प्यायलेला माणूस आज मांडवात बसून सोडायला सांगत होता. बाहेरून कोणी सुधारक आला नव्हता. काँग्रेसचे कार्यकर्ते पोचले ते नंतर. दारू हा आपला दोष नसून आपल्याला बांधून ठेवणारा दोर आहे, ही जाणीव आबकारीच्या चाळीस वर्षांनी त्या माणसांत आणली होती. काही गावांत लोक पुन्हा पिऊ लागले, काहींनी दीर्घकाळ पाळले. देवी निघून गेली की मागे रोजच्या रोज भेटण्याची जागा मात्र उरत नव्हती. लाटेने जे सुरू केले ते चालू ठेवायला लाटेनंतरही दर आठवड्याला भरणारे काहीतरी लागते.

अक्रनचे दोघे

पालघरच्या या लाटेच्या ऐंशी वर्षे आधी, एप्रिल १८४० मध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एका दारूगुत्त्यातच बसून दारू सोडण्याचे ठरवले होते. त्यांनी आपल्या संघाला वॉशिंग्टनचे नाव दिले. त्यांचा नेम असा, की व्याख्यान नको, प्रत्येकाने आपली कहाणी सांगायची. थोड्याच वर्षांत लाखो लोकांनी प्रतिज्ञा घेतली. मग राजकारण शिरले, दारूबंदीच्या कायद्यावरून वाद झाले, नावाजलेले वक्ते जाहीरपणे पुन्हा पिताना सापडले, आणि दशक संपण्याआधी सारे विरून गेले.

दुसरा प्रयत्न १९३५ चा. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन याने १९३४ च्या डिसेंबरात इस्पितळात दारू सोडली. पुढचे काही महिने तो दिसेल त्या दारुड्याला सुधारायला धावत होता. एकही सुधारला नाही. मात्र त्या धावपळीत तो स्वतः प्यायला नव्हता. मे महिन्यात कामासाठी ओहायोतल्या अक्रनला गेला असता सौदा फिसकटला, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एकीकडे बार आणि दुसरीकडे टेलिफोन अशा जागी तो उभा होता. त्याने चर्चच्या यादीतून नंबर काढून फोन लावला. मागणी एकच: मला इथला एखादा पिणारा माणूस भेटवा. अशा रीतीने त्याची गाठ शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट स्मिथ ऊर्फ डॉ. बॉब यांच्याशी पडली. या वेळी बिलने उपदेश केला नाही, फक्त आपले सांगितले. डॉ. बॉबनी शेवटचा पेला १० जून १९३५ रोजी घेतला, आणि तोच एएचा स्थापनादिन.

दोघेही तेव्हा ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांना जात होते. लहान गटात बसून आपले दोष बोलून दाखवणे, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करणे, दुसऱ्याला हात देणे, या गोष्टी तिथूनच आल्या. पुढे एएने त्या चळवळीशी काडीमोड घेतला. १९३९ मध्ये दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचे पुस्तक छापले. ‘देव’ या शब्दाला ‘आपल्याला जसा उमगेल तसा’ अशी जोड दिली, त्यामुळे नास्तिकालाही दार उघडे राहिले. ऑक्सफर्ड ग्रुपनेही नाव बदलले, ती ‘मॉरल री-आर्मामेंट’ झाली, आणि तिचे आशियातले मोठे केंद्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले ते आपल्या पाचगणीत. एकाच खोडाच्या दोन फांद्या अशा वेगवेगळ्या वाटांनी महाराष्ट्रात आल्या, आणि दोघींची फारशी ओळखही नाही.

वॉशिंग्टनवाल्यांचे काय झाले हे एएने डोळ्यांसमोर ठेवले. १९५० मध्ये क्लीव्हलंडला बारा परंपरा मान्य झाल्या. कोणत्याही वादात पडायचे नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, वृत्तपत्रांत नाव-फोटो द्यायचा नाही, अधिकारी नेमायचे नाहीत, फक्त सेवेकरी. सदस्य व्हायला अट एकच: पिणे थांबवण्याची इच्छा. जन्मभराची शपथही नाही, फक्त आजचा दिवस.

बंदीच्या राज्यात

आपल्याकडे त्या काळी सारा भर कायद्यावर होता. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात पहिल्यांदा दारूबंदी आणली. त्या खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होते. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७ व्या कलमाने दारूबंदीला राज्याच्या कर्तव्यांत बसवले, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि मोरारजी देसाईंनी तो निष्ठेने राबवला. परिणाम सर्वांना माहीत आहे. हातभट्ट्या खाडीकाठच्या तिवरांत आणि रानात गेल्या, गावठी सायकलच्या ट्यूबमधून शहरात येऊ लागली. ज्या कायद्याने प्यायलेल्या माणसाला तुरुंगात टाकायचे, त्याच्या राज्यात ‘मी पितो, मला मदत हवी’ असे म्हणणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे. नाव न सांगता बोलण्याच्या नेमाला इथे अमेरिकेपेक्षाही जास्त अर्थ होता.

१९६० च्या दशकापासून कायदा सैल होत गेला. तो कागदावर आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने आहे, आणि बारमध्ये बसणाऱ्याकडे परवाना असावा हेही त्यात आहे. दारू मिळू लागली, पण सोडवणारे हात तेवढ्या वेगाने वाढले नाहीत. बऱ्याच काळपर्यंत पिणाऱ्याला मनोरुग्णालय, पोलीसचौकी किंवा देवस्थान याच तीन जागा होत्या.

१९८० च्या दशकात चित्र बदलले. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये धर्मगुरू असलेल्या फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. त्यांनी एएच्या पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. पिणाऱ्याला नुसते बोलून भागत नाही, थकलेले शरीरही परत मिळवावे लागते, ही त्यामागची समज. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या या कामाला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी सुरुवातीची मोठी देणगी दिली. मुक्तांगणने बरे झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते केले, बायकांसाठी ‘सहचरी’ गट काढला, आणि घरी गेलेल्या माणसाला पाठपुराव्याच्या सभांना बोलावणे चालू ठेवले. दोन्ही ठिकाणी मूळ पद्धत एकच: ज्याची सुटली आहे त्याने ज्याची सुटायची आहे त्याच्याशेजारी बसायचे.

वसईला हे पोचले ते दोन रुळांवरून. एक खरेच रेल्वेचा. विरारपर्यंत १९३६ पासून विजेच्या गाड्या आहेत आणि वसईकराचा दिवस चर्चगेटला बांधलेला आहे. दुसरा चर्चचा. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत इथली चर्च मुंबई महाधर्मप्रांतातच होती, त्यामुळे वांद्र्याला सुरू झालेली गोष्ट पापडी, गास, नंदाखालला अनोळखी राहणे शक्य नव्हते. कृपाचे केंद्र वसईत निघाले. आणि इथे एक सोय आधीच होती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर वसईची प्रार्थना मराठीत होत आली आहे. वांद्र्यात इंग्रजीत ऐकलेली सभा वसईत मराठीत बसली, आणि कादोडी किंवा वाडवळी बोलत वाढलेल्या माणसाला आपले दुःख परक्या भाषेत मांडावे लागले नाही.

गावात अनामिक राहायचे कसे

सभा सापडते कशी? क्वचित कोणी जाहिरात वाचून जातो. बहुतेकदा वाट दाखवतो तो कुटुंबाचा डॉक्टर, धर्मगुरू, किंवा ज्याला सगळ्यांनी गटाराशी पडलेला पाहिले होते आणि जो आता सकाळची गाडी वेळेवर पकडतो असा एखादा नातलग. बायको आधी चौकशी करते, नवरा पुष्कळ नंतर येतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइनही आहे. एएच्या कार्यालयाला विचारले तर जवळच्या सभांचे वार आणि वेळ कळते.

वसईच्या गावात अनामिकता ही अवघड चीज आहे. लग्नाला आख्खा गाव असतो, आळीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाचे आजोबा माहीत असतात. खोलीत शिरताच तुम्हाला तुमच्या चुलत्याचा मित्र दिसणार. त्यामुळे काही जण मुद्दाम दोन स्टेशने पलीकडच्या सभेला जातात. वसईचा माणूस भाईंदरला, विरारचा वसईला. पण बरेच जण काही महिन्यांनी आपल्याच गावच्या सभेला येऊ लागतात, कारण त्यांच्या ध्यानात येते की गावाला सगळे आधीपासूनच माहीत होते. लपवत होते ते फक्त स्वतःपासून. इथे अनामिकतेचा अर्थ थोडा सरकतो: तुम्ही कोण हे कळणार नाही, असे कोणी म्हणत नाही. इथे ऐकलेले इथेच राहील, एवढेच वचन असते.

सभेची भाषा मिश्र आहे. शेअरिंग, स्पॉन्सर, स्लिप, सोबर हे शब्द मराठी झाले आहेत. ज्या तारखेला दारू सुटली ती तारीख ‘बर्थडे’ म्हणून साजरी होते, केक कापला जातो, मेडल मिळते, आणि त्या दिवशी अनेकदा बायको-मुलेही बोलतात. पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. जागेचे भाडे आणि चहा त्यातूनच. बाहेरच्याचा पैसा नको हा नियम १९५० चा, पण त्याचा इथला फायदा वेगळाच आहे. एरवी दारू सोडवायच्या कार्यक्रमाला नगरसेवकाचा बॅनर लागायला वेळ लागत नाही. या खोलीत तो लागूच शकत नाही.

सर्वांत मोठा फरक स्लिप झालेल्या माणसाच्या बाबतीत दिसतो. सहा वर्षे सोबर असलेला माणूस चुलतभावाच्या लग्नात एक पेग घेतो आणि पुढचे तीन आठवडे घरी सापडत नाही. तो परत आला की त्याला खुर्ची मिळते आणि त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. कोणी झाडत नाही. समोर बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी तेच केलेले असते. माळ तुटलेल्या माणसाला जी जागा सापडत नव्हती ती इथे ठरवून राखलेली आहे.

सभेला तिच्या मर्यादाही आहेत. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद केले तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढायला हवेत, हे जुने सदस्यही बजावून सांगतात. पायऱ्यांतली ‘उच्च शक्ती’ची भाषा काहींच्या गळी उतरत नाही. उपयोग होतो का, यावर शास्त्रज्ञ बराच काळ वाद घालत होते. २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने २७ अभ्यासांतल्या १०,५६५ जणांची आकडेवारी तपासून निष्कर्ष काढला, की माणसाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार सलग न पिण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात. बाकीच्या मोजमापांत ते निदान बरोबरीचे आहेत. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले, हे लक्षात ठेवावे. तिथे कुटुंबाचा प्रश्न वेगळा असतो. जपानने आपल्या समाजाला जुळेल असा बदल केला: तिथल्या ‘दानशुकाई’ मंडळांत नाव लपवत नाहीत आणि कुटुंब सोबत बसते. वसईतला बर्थडे बघितला तर आपणही न ठरवता त्याच दिशेने अर्धे चाललो आहोत.

खोलीबाहेरचे

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूमुळे मदतीची गरज असलेले देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोक आहेत. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसली ना कसली मदत मिळते. वसई-विरारच्या नकाशावर बाकीचे सदतीस शोधायला लांब जावे लागत नाही. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला संध्याकाळची सभा गाठता येत नाही. नालासोपाऱ्याच्या चाळींत मराठीपेक्षा हिंदी आणि भोजपुरी जास्त चालते. पारोळ-कामणच्या बाजूच्या पाड्यांवर, जिथल्या माणसांच्या पूर्वजांच्या फुलांवर १८९२ मध्ये कायदा आला, तिथून स्टेशनजवळच्या सभेला येऊन शेवटची बस पकडणे जमत नाही. आणि पिणारी बाई, मग ती पाड्यावरची असो की टॉवरमधली, पुरुषांनी भरलेल्या खोलीत उठून स्वतःचे नाव सांगेल ही अपेक्षा आजही जास्तीची आहे.

या माणसांसाठी निधी, इमारत, तज्ज्ञ आले तर हवेच आहेत. पण या सभेच्या वंशावळीत प्रत्येक नवी फांदी परवानगीवाचून फुटलेली आहे. बाल्टिमोरच्या सहांना कोणी नेमले नव्हते, पालघरच्या किनाऱ्यावर बोलणाऱ्यांना नव्हते, अक्रनच्या दोघांनाही नव्हते. एएच्या परंपरेत तसे लिहूनच ठेवले आहे: दारू थांबवण्यासाठी दोन-तीन पिणारे एकत्र बसले, दुसऱ्या कोणत्या संघटनेशी त्यांनी स्वतःला बांधून घेतले नाही, की तो गट झाला. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी आठला, भोजपुरीत, किंवा फक्त बायकांची अशी पुढची सभा वसईत निघायची असेल तर ती कोणत्या कार्यालयात मंजूर होणार नाही. ज्याची दारू नुकतीच सुटली आहे आणि ती सुटलेली राहावी असे ज्याला वाटते, तो आपल्यासारखाच दुसरा शोधायला निघेल तेव्हा ती निघेल.